आठ एकर रान, पण बसायला जागा नाय



गेले पंधरा दिवस पानावर काही लिहिणं झालं नाही. कांद्याची लागण चालू होती आणि मजुरांची ओढाताण तुम्हाला माहीतच आहे. करप्याच्या फवारणीचं बऱ्याच जणांनी विचारलंय, ते पुढच्या खेपेला नक्की लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे. शेतीचा नाही म्हणाल तर नाही, पण जागा, माती, पाणी आणि झाड याचाच आहे. विषय आहे बागेचा. आपल्याकडं बाग म्हणलं की द्राक्षाची नाहीतर डाळिंबाची. मी म्हणतोय ती माणसं जिथं जाऊन नुसती बसतात ती बाग. ज्या बागेतनं एक कॅरेट माल निघत नाही ती.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

काही वर्षांपूर्वी ग्रामसभेत विषय निघाला होता. आमच्या वस्तीच्या कडेला सहा गुंठ्यांची सार्वजनिक जागा पडून आहे, तिथं लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना एक छोटी बाग करावी, असं एका मास्तरांनी सुचवलं. मी उठलो आणि म्हणलं, "मास्तर, बाग शहरवाल्यांना लागती. त्यांना हिरवं बघायला मिळत नाय. आपल्याला कशाला? आपलं सगळं शिवारच बाग हाय." लोक हसले, दोन-चार जणांनी टाळ्या पण वाजवल्या. विषय तिथंच मिटला. त्या जागेत आज उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या उभ्या असतात, मधे गाजरगवत कमरेएवढं. मी त्या दिवशी घरी मोठ्या तोऱ्यात आलो होतो.

माझ्या डोक्यात बाग म्हणजे पेशवे पार्क होतं. सातवीत असताना शाळेची सहल पुण्याला गेली होती. तिथली फुलराणी, म्हणजे पोरांची छोटी आगगाडी, १९५६ पासून चालू आहे. तेव्हा तिथं प्राणीपण होते. पुढं ते कात्रजला हलवले. वाघ बघितला, गाडीत बसलो, सारसबागेतल्या गणपतीला हात जोडले आणि रात्री गावी. तेव्हापासून बाग म्हणजे वर्षातनं एकदा बघायची गंमत, एवढंच डोक्यात बसलं. रोजच्या रोज लागणारी गोष्ट म्हणून कधी विचारच केला नाही.

आता आईचं सांगतो.

आईचं वय एकोणऐंशी. मागच्या श्रावणात गोठ्यासमोर शेवाळावरनं पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं. नंतर अडीच महिने ती कोथरूडला माझ्या मुलाकडं होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन आमचं काम होतं, आता चालणं तुमचं काम. दिवसातनं दोन वेळा, थोडं थोडं, सपाट जागेवर. बसून राहिल्या तर पाय कायमचे जातील.

मुलाच्या इमारतीच्या मागं महानगरपालिकेची एक छोटी बाग आहे. मोठी नाही, आपल्या भाषेत सांगायचं तर दहा-बारा गुंठे. आधी मी मुलाला म्हणलं, एवढ्याशा जागेत काय चालणार? पण मी तिथं आईबरोबर आठ दिवस राहिलो. सकाळ-संध्याकाळ तिला बागेत न्यायचं काम माझ्याकडं होतं. ती चालायची आणि मी बसून बघायचो. शेतकरी माणूस नुसता बसला तरी डोळे काम करतात. कुठल्या गोष्टी कुठं का ठेवल्यात ते मी बघत गेलो.

पहिली गोष्ट फाटक. पायरी नव्हती, उतार होता. मी पावलांनी मोजला. एक फूट चढायला बारा फूट लांबी. नंतर कळलं की चाकाच्या खुर्चीसाठी हाच हिशोब धरतात. आईचा वॉकर त्यावरनं अलगद वर गेला. आपल्याकडं देवळाला, पाराला, पंचायतीला, सगळीकडं तीन नाहीतर पाच पायऱ्या आणि धरायला कठडा नाही. ज्याचे गुडघे गेले त्याला आपण न बोलता बाहेर ठेवलंय.

दुसरी गोष्ट बाकडी. तिथल्या बाकड्यांना पाठ होती आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे होते. उंची दीड फुटाच्या आसपास. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला खाली बसून चालत नाही, आणि उठताना हाताला काहीतरी धरायला लागतं. आपल्या पाराला ना पाठ, ना दांडा. तिथं जवान माणूस मांडी घालून तासभर बसंल, म्हातारी बसली तर उठवायला दोघं लागतात. आणि दोन बाकड्यांत अंतर फार नव्हतं. आई पहिल्या दिवशी एका बाकड्यापासून दुसऱ्यापर्यंतच गेली, बसली, परत आली. चौथ्या दिवशी एक बाकडं सोडून पुढच्यावर. मला ते बघून आपल्या सरीतल्या ड्रिपरची आठवण झाली. ठराविक अंतरावर थेंब मिळाला की रोप तग धरतं.

तिसरी गोष्ट सावली. संध्याकाळची बाकडी झाडाच्या पूर्वेला होती. सूर्य पश्चिमेला गेला की सावली बरोबर बाकड्यावर येती. मुलांची पत्र्याची घसरगुंडी उत्तरेकडं तोंड करून होती, म्हणजे उन्हानं कमी तापती. झोक्याखाली फरशी नव्हती, वाळू होती. पडलं तर डोकं फुटत नाही.

चौथी गोष्ट पाणी आणि संडास. हे दोन नसतील तर म्हातारी माणसं, बायका आणि लहान पोरं अर्ध्या तासाच्या वर कुठं थांबूच शकत नाहीत. तिथं नळ होता आणि एका कोपऱ्यात स्वच्छतागृह, त्यात खुर्चीसारखा एक संडास. आई पहिले दोन दिवस निघायच्या आधी पाणीच प्यायची नाही. तिसऱ्या दिवशी संडास बघून आली आणि मग घोटभर पाणी प्यायला लागली. बाई माणूस गावात पण असंच करती मंडळी, आपल्या लक्षात येत नाही.

पाचवी गोष्ट सगळ्यात मोठी. एक माळीदादा होता. सकाळी फाटक उघडायचा, दुपारी बंद करायचा, परत चारनंतर उघडायचा. मधल्या वेळात पाणी द्यायचा, पाला गोळा करायचा. तो पाला एका खड्ड्यात टाकून त्याचं खत करायचा. त्याच्याशी माझी चांगली गट्टी जमली. तो म्हणला, "काका, बाग लावायला पैसा लागतो, टिकवायला माणूस लागतो."

पण या पाच गोष्टींनी आई बरी झाली असं मी म्हणणार नाही. ती बरी झाली बायकांमुळं. तिथं रोज चारच्या सुमाराला पाच-सहा म्हाताऱ्या यायच्या. एक साताऱ्याकडची, एक लातूरची, एक तिथलीच मूळची. पहिल्या दिवशी नुसतं बघितलं, दुसऱ्या दिवशी "कुठल्या तुम्ही?" आणि आठवड्यात आई सव्वातीनलाच पातळ नेसून तयार. "चल रं लवकर, साताऱ्याची वाट बघत आसंल." चालणं हे निमित्त होतं. वॉकर सुटला, काठी आली. दिवाळीनंतर आम्ही तिला गावी आणलं, तेव्हा ती काठी टेकत स्वतः ओटा चढली. सगळी वस्ती बघायला आली होती.

दीड महिन्यात ती परत खाटेला टेकली.

आजार वाढला म्हणून नाही. तिला चालायला जागा नव्हती. सगळं शिवारच बाग हाय म्हणणारा मी, तिला न्यायचं कुठं म्हणून शोधायला लागलो. रस्त्यावर न्यावं तर गाळप हंगाम. कारखान्याकडं जाणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, रस्त्याला कडा नाहीत. बांधावरनं न्यावं तर ढेकळं. देवळात न्यावं तर पायऱ्या. संध्याकाळी न्यावं तर चहूकडं ऊस आणि उसात बिबट्या.

बिबट्याचं आपल्याला वेगळं सांगायला नको. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके येतात आणि माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वनखात्याची माणसं सांगतात की खाली बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. माझी आई काठी घेऊन चालती ती वाकूनच. दिवस मावळायच्या आत मी तिला घरात घेतो. माझं काम सुटतं दिवस मावळायला. म्हणजे नेणार कोण आणि कधी?

एका दुपारी ती ओट्यावर बसली होती. मी ऊस बघून आलो. ती म्हणली, "आपलं रान किती रं?"

म्हणलं, "आठ एकर. का गं आई?"

"आठ एकर हाय, पण मला बसायला जागा नाय. तिथं बारकुल्या जागंत बसायला बी होतं आन् बोलायला बी."

मला काही बोलता आलं नाही. ग्रामसभेतल्या टाळ्या आठवल्या.

मी शेतकरी, मला वाटलं आपण घरीच करू. घरापुढं साठ फूट लांब, पाच फूट रुंद पट्टा काढला. लेवल काढून मुरूम टाकला, पाणी मारून रोलर फिरवला. मंचरहून पाठीचं एक बाकडं आणलं. चार दिवस आई चालली. पाचव्या दिवशी म्हणली, "घरात बाकडं टाकून बाग होत न्हाय. मी कुणाशी बोलू, गायींशी?" खरं आहे. मी तिला पट्टा दिला, बायका दिल्या नाहीत. त्या यायच्या कशा? आमच्याच वस्तीवर तिच्या वयाच्या सात-आठ जणी आहेत. कुणाचे गुडघे, कुणाचा मणका. सगळ्या आपापल्या ओट्यावर बसून आहेत. दुसऱ्याच्या दारात रोज कशाला जायचं, सुनेला चहा टाकावा लागंल, हा संकोच. सार्वजनिक जागेत तो संकोच नसतो. तिथं कुणी पाहुणा नाही आणि कुणी यजमान नाही.

माझे एक चुलते मुंबईत डबे पोचवायचं काम करायचे. आपल्या खेड, आंबेगाव, जुन्नरच्या भागातली कितीतरी माणसं त्या धंद्यात होती आणि आहेत. ते सुट्टीच्या दिवशी दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. ते मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं. भोवती बुटका कट्टा, बसलं की झालं. चुलते म्हणायचे, खोलीत आम्ही वीस जण पाय दुमडून झोपायचो, कट्ट्यावर बसलो की मुंबई माझी वाटायची. तेव्हा मला ते हसण्यावारी वाटायचं.

माझा पुतण्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्यानं एक गोष्ट दाखवली. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींसाठी एक यादी जोडली आणि शहरांसाठी दुसरी. शहरांच्या यादीत १८ विषय आहेत, त्यात बाराव्या नंबरला उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलीत. पंचायतींच्या यादीत २९ विषय आहेत. शेती, पशुपालन, सामाजिक वनीकरण, वाचनालय, बाजार, जत्रा, सगळं आहे. बाग हा शब्द नाही. म्हणजे गावानं बाग करू नये असा त्याचा अर्थ नाही. पण वाचून मला वाटलं, मी ग्रामसभेत जे बोललो तेच सगळ्यांच्या मनात असणार. गावाला कशाला बाग?

आता काही गावांत बागा होतायत. लांबच्या एका गावात लग्नाला गेलो होतो, तिथली मुद्दाम बघितली. मोठी कमान, आतमधे सगळीकडं पेव्हर ब्लॉक, लोखंडी व्यायामाची यंत्रं भर उन्हात. दुपारी यंत्राला हात लावला तर चटका बसला. झाडं पाच-सहा, बुंध्यापर्यंत ब्लॉक बसवलेले. झाडाला श्वास घ्यायला, पाणी मुरायला जागा नाही. दिल्लीत २०१३ साली हरित न्यायाधिकरणानं झाडाभोवती एक मीटर काँक्रीट नको असा आदेश दिला होता, आपण शेतकऱ्यांनी तर आळं करायला कुणाकडनं शिकायची गरज नाही. नळ नाही, संडास नाही आणि फाटकाला कुलूप. पैसा गेला आणि बाग झाली नाही. तेव्हा बाग पाहिजे एवढं म्हणून भागत नाही. काय पाहिजे ते आपणच मोजून सांगायला पाहिजे.

म्हणून मी त्या सहा गुंठ्यांचा हिशोब मांडलाय. तज्ज्ञ मंडळी या पानावर आहेत, चुकलं तर दुरुस्त करा.

सहा गुंठे म्हणजे ६,५३४ चौरस फूट, साधारण ८१ बाय ८१. कडेनं एक फेरी ३२४ फूट, शंभर मीटरला जराशी कमी. दहा फेऱ्या म्हणजे किलोमीटर झाला. मधुमेहवाल्यांना, गुडघेवाल्यांना आणि ऑपरेशन झालेल्यांना एवढं बास आहे. वाट पाच फूट रुंद, म्हणजे काठीवाल्या बाईशेजारी दुसरी चालू शकती. पेव्हर नको, त्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि माझ्या आईचं हाड शेवाळानंच मोडलंय. दाबलेला मुरूम, मधे थोडा उंच, दोन्हीकडं पाणी निघायला उतार.

झाडं आपल्याच मातीतली. मधोमध एक वड, सहा गुंठ्याला एक पुरे. कडेनं करंज आणि कडुनिंब. करंजाला पाणी मिळालं तर चार-पाच वर्षांत खाली बसण्याएवढी सावली येती. एखादं ताम्हण, एखादी बकुळ, ती हळू वाढती पण नातवंडांना मिळंल. गुलमोहर दिसायला झकास, पण वाऱ्यात फांदी मोडती, बाकड्यावर नको. सुबाभूळ तर नकोच, बी पडून सगळं रान भरवंल. खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट, शेणखत, पहिली तीन वर्षं ठिबक. जुन्या लॅटरल आपल्या प्रत्येकाच्या गोठ्यामागं पडून आहेत, त्यातल्या चार बंडलांत सगळं भागतं. बाकडी झाडांच्या पूर्वेला आणि झाडं वाढेपर्यंत शेडनेट. ते तर आपल्याकडं घरोघर आहे.

कुंपणाला निरगुड. गावाच्या नावातच निरगुड आहे मंडळी, आणि आता ती बांधावर शोधावी लागती. फाटा लावला की येती, शेरडं तिला तोंड लावत नाहीत. म्हाताऱ्या बायका सांधे शेकायला तिचाच पाला नेतात. म्हणजे कुंपणच औषध. फक्त कमरेच्या वर वाढू द्यायची नाही, आतलं-बाहेरचं दिसलं पाहिजे. बिबट्याला दडण नको. त्यासाठीच दोन सौरदिवे, दिवस मावळला की फाटक बंद, आणि कचऱ्याचा डबा रोज रिकामा. कचरा साठला की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. शहरात डबा स्वच्छतेसाठी असतो, आपल्याकडं तो राखणीला आहे.

नळ एक, संडास दोन, त्यातला एक खुर्चीचा आणि भिंतीला धरायला दांडा. फाटकाला पायरी नको, उतार. झोका, घसरगुंडी आणि खाली वाळू. व्यायामाची यंत्रं सावली झाल्यावर बघू.

राहिला माळीदादा. खरी अडचण इथंच आहे. रोज दोन तासांचं काम आहे आणि ते कुणीतरी दर महिन्याला पैसे घेऊनच केलं पाहिजे. श्रमदानावर बाग पहिला पावसाळा जगती, उन्हाळ्यात मरती. वस्तीवर आम्ही बावीस घरं आहोत. घरटी थोडं थोडं धरलं तरी अर्धवेळ माणूस मिळतो. मी माझ्या घराचे पहिल्या वर्षाचे पैसे आजच बाजूला काढून ठेवलेत. बाकीच्यांशी बोलणं चालू आहे. सात घरं हो म्हणलीत, चार बघू म्हणलीत. एकानं मला माझंच वाक्य ऐकवलं, "तूच म्हणला होतास ना, सगळं शिवारच बाग हाय?" मी म्हणलं, म्हणलो होतो. तेव्हा माझी आई चालत होती.

येत्या ग्रामसभेत मी उठून आधी ते जुनं वाक्य मागं घेणार आहे आणि मग हा हिशोब वाचून दाखवणार आहे. मास्तर आता रिटायर झालेत. त्यांच्या घरी जाऊन आलो. चहा दिला, काही बोलले नाहीत, फक्त म्हणले, "ट्रॉल्या कुणाच्या आहेत ते आधी बघ." त्यातली एक माझी आहे. ती काल हलवली. तिच्याखालचं गाजरगवत फुलायच्या आत उपटून टाकलं.

आईला हे सगळं सांगितलं. म्हणली, "वड कधी मोठा व्हायचा?" म्हणलं, पंचवीस-तीस वर्षं तरी. ती हसली. "मग आधी बाकडं टाक." घरापुढचं बाकडं दोघा पोरांनी उचलून त्या जागेवर नेऊन ठेवलंय, वर शेडनेटचा तुकडा बांधलाय. आज साडेचारला आई तिथं जाऊन बसली. पाच वाजता शेजारची काकू काठी टेकत आली. बाकड्यावर तीन जणी बसतात. तिसरी अजून आली नाही, पण ओट्यावरनं बघत होती.

तुमच्या गावात अशी जागा असंल तर तिथं कोण बसतं, राखण कोण करतं आणि त्याला पैसे कसे देता, एवढं जरूर लिहा. ग्रामसभेत उपयोगी पडंल.

करप्याचं पुढच्या खेपेला, नक्की.

राम कृष्ण हरी.